रिकामी जागा कोण भरणार?

जावातले जेनेरिक इंटरफेस आणि ठोस टाइप

उल्हासनगरचा पत्ता वाचायला शिकावं लागतं. त्यात रस्त्याचं नाव नसलं तरी चालतं, पण कॅम्प, सेक्शन, बराक आणि रूम हे आकडे लागतातच. पाकिटांवर आजही ‘बी.के. नंबर’ लिहिलेला दिसतो, तो बराकीचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच छावणीतल्या बराकींमध्ये आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. बऱ्याच ठिकाणी बराकींच्या जागी इमारती आल्या, पण पत्त्यातले आकडे तसेच राहिले.

पुढच्या स्थानकावर अंबरनाथला उतरलं की पत्त्याची तऱ्हा बदलते. आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्याचा पत्ता प्लॉट क्रमांकाने सुरू होतो. बदलापूरला कात्रप, मांजर्ली, बेलवली अशा भागांत सोसायटी, विंग आणि फ्लॅट सांगितल्याशिवाय घर सापडत नाही. अर्थात उल्हासनगरात सोसायट्या आहेत आणि बदलापुरातही एमआयडीसी आहे. म्हणजे या पट्ट्यात पार्सल वाटणाऱ्याला तिन्ही प्रकारचे पत्ते रोजच्या रोज हाताळावे लागतात.

समजा, अशा एखाद्या कुरिअर कार्यालयासाठी तुम्ही जावामध्ये प्रोग्रॅम लिहिताय. काम दोनच: प्रत्येक पार्सलवर चिकटवायचं लेबल तयार करायचं आणि पार्सलं वाटपाच्या क्रमाने लावायची. या दोन कामांत जेनेरिक इंटरफेसची जवळजवळ सगळी गंमत आणि सगळ्या अडचणी भेटतात.

करार आणि त्यातली मोकळी जागा

आधी तीन ठोस टाइप करू. जावा १६ पासून, म्हणजे मार्च २०२१ पासून, यासाठी रेकॉर्ड ही सुटसुटीत सोय आहे. बराकपत्ता या रेकॉर्डमध्ये कॅम्प, सेक्शन, बराक आणि रूम हे चार पूर्णांक. प्लॉटपत्ता मध्ये प्लॉट क्रमांक आणि औद्योगिक क्षेत्राचं नाव. सोसायटीपत्ता मध्ये सोसायटी, विंग, फ्लॅट आणि भाग. क्लासची नावं देवनागरीत ठेवायला जावाची हरकत नाही. ही भाषा पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडवर उभी आहे, त्यामुळे बराकपत्ता हे क्लासचं नाव म्हणून वैध आहे. रोमन लिपीत राहतात ते फक्त भाषेचे राखीव शब्द आणि तयार लायब्ररीतली नावं. या प्रकरणात तीही उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, संगणकावर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टंकावीत. जावा १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग धरलं जातं. त्याआधीच्या आवृत्तीवर विंडोजमध्ये काम करत असाल, तर कंपाइल करताना एन्कोडिंग स्पष्ट सांगा.

आता लेबल लिहिण्याचं काम. तिन्ही पत्त्यांसाठी काम एकच आहे: पत्ता घ्यायचा, मजकूर द्यायचा. पत्त्याचा प्रकार तेवढा वेगळा. असं काम नेमकं मांडायला जेनेरिक इंटरफेस असतो.

इंटरफेस पत्तालेखक<ट> {
  स्ट्रिंग लिहा(ट पत्ता);
}

इथला ‘ट’ हा टाइप पॅरामीटर. छापील अर्जात ‘अर्जदाराचे नाव’ या शब्दांपुढे जशी रेघ मारलेली असते, तशी ही जागा आहे. अर्ज छापणाऱ्याला नाव ठाऊक नसतं, पण तिथे नावच यायला हवं हे ठरलेलं असतं. जेनेरिक कोड समजून घेताना एकच प्रश्न सतत विचारत राहावा: ही जागा कोण भरणार? इंटरफेस लिहिणारा, तो राबवणारा, की त्याला हाक मारणारा? उत्तर स्पष्ट असेल तर कोड सरळ उतरतो. नसेल तर कंपायलर अडवतो, आणि नेमकं का अडवतोय याचा पत्ता लागत नाही.

जागा ठोस नावाने भरणं

बराकींचा लेखक लिहू:

क्लास बराकलेखक इम्प्लिमेंट्स पत्तालेखक<बराकपत्ता> {
  पब्लिक स्ट्रिंग लिहा(बराकपत्ता प) {
    रिटर्न "बी.के. नं. " + प.बराक() + ", रूम " + प.रूम()
      + ", सेक्शन " + प.सेक्शन() + ", उल्हासनगर-" + प.कॅम्प();
  }
}

पहिल्या ओळीत इम्प्लिमेंट्सच्या पुढे कोनी कंसात बराकपत्ता आला, तिथेच जागा भरली गेली. आता या क्लासपुरता ‘ट’ म्हणजे बराकपत्ता, दुसरं काही नाही. म्हणून खालच्या मेथडमध्येही पॅरामीटर बराकपत्ताच असायला हवा, आणि म्हणूनच प.रूम() असं थेट विचारता येतं. मेथडच्या आधीचा पब्लिक विसरू नका. इंटरफेसमधली मेथड न लिहिताही पब्लिक असते, आणि राबवताना तिची मोकळीक कमी करता येत नाही.

प्लॉटलेखक आणि सोसायटीलेखक याच धर्तीवर होतील. कुणी चुकून बराकलेखकाच्या हाती सोसायटीचा पत्ता दिला, तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. कंपायलर चुकीच्या ओळीवर बोट ठेवेल. चूक ऑफिसात सापडली, पार्सल गाडीत चढण्याआधी. जेनेरिकचा सगळा फायदा इथे आहे.

जागा भरण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे ती मोकळीच ठेवून पुढे द्यायची. समजा, लेबलाखाली तारीख छापणारा एक लेखक हवा आहे, आणि आतला पत्ता कोणता याच्याशी त्याला देणंघेणं नाही:

क्लास तारीखलेखक<ट> इम्प्लिमेंट्स पत्तालेखक<ट>

इथे ‘ट’ दोनदा आला. पहिल्यांदा तो जाहीर झाला, दुसऱ्यांदा वापरला गेला. हा क्लास पोटात दुसरा कुठलाही पत्तालेखक<ट> ठेवेल, त्याच्याकडून मजकूर घेईल आणि खाली तारीख जोडेल. जागा भरायचं काम आता नवी वस्तू तयार करणाऱ्याकडे गेलं. काम खरोखर टाइपवर अवलंबून नसेल, तर हीच वाट योग्य.

दुसरी वाट म्हणजे कंसच गाळायचा: क्लास बराकलेखक इम्प्लिमेंट्स पत्तालेखक. याला रॉ टाइप म्हणतात. जागा न भरल्यामुळे जावा तिथे ऑब्जेक्ट धरते. मग तुमची लिहा(बराकपत्ता प) ही मेथड करारातल्या मेथडशी जुळत नाही. एरर येते ती अशी: हा क्लास ॲबस्ट्रॅक्ट नाही, आणि त्याने लिहा(ऑब्जेक्ट) ही मेथड पुरी केलेली नाही. ऑब्जेक्ट तर तुम्ही कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून विद्यार्थी गोंधळतात. चांदीबाई कॉलेज असो वा तलरेजा कॉलेज, बी.एस्सी. आयटीच्या लॅबमध्ये ही एरर दिसली की आधी इम्प्लिमेंट्सची ओळ तपासा. नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं: कंस राहून गेलेला असतो.

मेथडवरचा टाइप पॅरामीटर

आता सर्वांत जास्त फसवणारी जागा. टाइप पॅरामीटर इंटरफेसच्या नावापुढे न ठेवता मेथडच्या आधी ठेवला तर?

इंटरफेस पत्तालेखक {
  <ट> स्ट्रिंग लिहा(ट पत्ता);
}

वरवर पाहता फरक क्षुल्लक वाटतो, पण कराराचा अर्थच बदलला. आता जागा भरायचा हक्क राबवणाऱ्याकडे नाही, हाक मारणाऱ्याकडे गेला. करार म्हणतो: समोरचा कोणत्याही टाइपची वस्तू देईल, आणि तुला प्रत्येकासाठी मजकूर द्यावा लागेल. अशा कराराखाली ‘मी फक्त बराकींचे पत्ते घेईन’ म्हणणं म्हणजे करार मोडणं. म्हणून लिहा(बराकपत्ता प) लिहिलं की कंपायलर पुन्हा तीच एरर देतो. त्याचं बरोबर आहे. एकाच ठोस टाइपवर काम करायचं असेल, तर पॅरामीटर मेथडवरून उचलून इंटरफेसवर न्यायला हवा. दुसरा इलाज नाही.

एरर घालवण्याच्या घाईत पुष्कळजण असं लिहून मोकळे होतात:

पब्लिक <बराकपत्ता> स्ट्रिंग लिहा(बराकपत्ता प)

आणि हे कंपाइल होतं! पण पुढच्या ओळीत प.रूम() लिहिलं की ‘रूम नावाचं काही सापडत नाही’ असा निरोप येतो. रेकॉर्डमध्ये रूम तर डोळ्यांसमोर आहे, मग सापडत का नाही? कारण मेथडच्या आधीच्या कोनी कंसात जे लिहितो ते नवं नाव जाहीर करणं असतं. इथला बराकपत्ता हा तुमचा रेकॉर्ड नाही. तो ‘ट’ सारखाच एक अनोळखी टाइप, फक्त त्याचं नाव योगायोगाने बराकपत्ता ठेवलं गेलं आणि त्याने खऱ्या रेकॉर्डला झाकून टाकलं. क्लासच्या नावापुढेही हीच चूक होते: क्लास बराकलेखक<बराकपत्ता> इम्प्लिमेंट्स पत्तालेखक<बराकपत्ता>. एक्लिप्स वापरत असाल तर ते सावध करतं की टाइप पॅरामीटर त्याच नावाच्या टाइपला लपवतोय. तो इशारा गांभीर्याने घ्या. टाइप पॅरामीटरला एकच मोठं अक्षर देण्याची जगभरची रीत याच घोटाळ्यापासून वाचवते.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. क्लासच्या किंवा मेथडच्या जाहिरातीतला कोनी कंस नवं नाव जन्माला घालतो. इम्प्लिमेंट्सनंतरचा कोनी कंस असलेलं नाव वापरतो. ठोस टाइप नेहमी दुसऱ्या प्रकारच्या कंसात जातो.

२००४ची तडजोड

जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जाहीर केली, तेव्हा तिच्यात जेनेरिक नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ सोबत जोशुआ ब्लॉक यांनी रचलेला कलेक्शन्सचा संच आला. त्यातली यादी काहीही पोटात घेई आणि परत देताना ऑब्जेक्ट म्हणून देई. तो बराकीचा पत्ता आहे हे प्रोग्रॅमरने स्वतः लक्षात ठेवायचं आणि कास्ट करायचं. स्मरणशक्तीने दगा दिला तर प्रोग्रॅम चालता चालता कोसळायचा.

त्याच वर्षी गिलाद ब्राखा, मार्टिन ओडरस्की, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॅडलर या चौघांनी जेनेरिक जावाचा आराखडा मांडला. त्यावर आधारलेले जेनेरिक सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ मधून जगासमोर आले. तोवर जुन्या जावात प्रचंड कोड लिहून झाला होता, आणि तो मोडून चालणार नव्हतं. म्हणून एक तडजोड केली गेली. टाइपची सगळी तपासणी कंपाइल करताना करायची, आणि मग कोनी कंसातली माहिती पुसून टाकायची. या पुसण्याला इरेजर म्हणतात. चालत्या प्रोग्रॅममध्ये पत्तालेखक<बराकपत्ता> आणि पत्तालेखक<प्लॉटपत्ता> असे दोन वेगळे इंटरफेस नसतात. उरतो तो एकच पत्तालेखक, ऑब्जेक्ट घेणारा.

मग ऑब्जेक्ट घेणारी मेथड आणि तुम्ही लिहिलेली बराकपत्ता घेणारी मेथड यांची गाठ कशी पडते? कंपायलर गुपचूप एक जादा मेथड लिहितो. तिला ब्रिज मेथड म्हणतात. ती ऑब्जेक्ट घेते, तो बराकपत्ता मध्ये कास्ट करते आणि तुमच्या मेथडला हाक मारते. जावाच्या किटमधल्या जावापी या साधनाने कंपाइल झालेला बराकलेखक उघडून पाहा. एकाच्या जागी लिहा नावाच्या दोन मेथड दिसतील. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत की इरेजर हा शब्द पाठ करावा लागत नाही.

या तडजोडीचे दोन परिणाम रोजच्या कामात भेटतात.

पहिला: कुणी बराकलेखक कंस न लावता नुसत्या पत्तालेखक नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि त्याला सोसायटीपत्ता दिला, तर कंपायलर केवळ इशारा देतो. चालताना ब्रिज मेथडमधलं कास्ट फसतं आणि क्लासकास्टएक्सेप्शन येतं. ते उगवतं बराकलेखकात, चूक मात्र हाक मारणाऱ्या कोडमध्ये असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अनचेक्ड असं म्हणणारे इशारे दुर्लक्षित ठेवू नयेत ते यासाठी.

दुसरा: एकच क्लास पत्तालेखक<बराकपत्ता> आणि पत्तालेखक<प्लॉटपत्ता> दोन्ही राबवू शकत नाही. पुसल्यानंतर दोघांचा करार एकच उरतो, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. खुद्द जावाच्या लायब्ररीलाही हे बंधन पाळावं लागलं. २०१४च्या जावा ८ मधला लोकलडेट पाहा. तो ज्या क्रोनोलोकलडेट या इंटरफेसवर उभा आहे त्याने कम्पेअरेबल<क्रोनोलोकलडेट> आधीच स्वीकारलाय. त्यामुळे लोकलडेटला कम्पेअरेबल<लोकलडेट> होता येत नाही. एकदा वरच्या पायरीवर जागा भरली की खालच्याला ती बदलता येत नाही. म्हणून पायाभूत इंटरफेसमध्ये ठोस टाइप लिहिण्याआधी विचार करावा.

आपल्या प्रोग्रॅममध्ये यावर उपाय दोन. सरळ उपाय म्हणजे प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र छोटा लेखक. सगळ्यांसाठी एकच लेखक हवा असेल, तर पत्ता नावाचा एक सील्ड इंटरफेस करावा, तिन्ही रेकॉर्ड त्याखाली आणावेत आणि पत्तालेखक<पत्ता> राबवावा. जावा २१ मधल्या स्विचने आत प्रत्येक प्रकार वेगळा हाताळता येतो. उद्या चौथ्या प्रकारचा पत्ता आला आणि तो स्विचमध्ये घालायचा राहिला, तर कंपायलर आठवण करून देतो.

क्रम लावणं: कम्पेअरेबल

दुसरं काम वाटपाचा क्रम. जावाने त्यासाठी कम्पेअरेबल<ट> हा जेनेरिक इंटरफेस दिलाय, आणि बहुतेकांची ठोस टाइपशी पहिली ओळख इथेच होते. यातली जागा साधारणपणे स्वतःच्याच नावाने भरतात: रेकॉर्ड बराकपत्ता(...) इम्प्लिमेंट्स कम्पेअरेबल<बराकपत्ता>. म्हणजे माझी तुलना माझ्याच जातीच्या वस्तूशी.

पत्ते स्ट्रिंग म्हणूनच ठेवले असते तर काय झालं असतं? स्ट्रिंगची तुलना अक्षरागणिक होते. १०२१ या बराकीचं पहिलं अक्षर १ आणि ९८ चं पहिलं अक्षर ९, म्हणून १०२१ आधी आणि ९८ नंतर लागते. वाटप करणाऱ्याची दिवसभराची पायपीट वाढते. शिवाय कुणी ‘९८’ देवनागरीत टंकलं आणि कुणी इंग्रजी अंकांत, तर स्ट्रिंग म्हणून त्या दोन वेगळ्या बराकी ठरतात. पूर्णांक केले की दोन्ही अडचणी मिटतात, कारण इंटिजरचं पार्सइंट देवनागरी अंकही वाचतं आणि दोन्हींतून तोच आकडा काढतं. ठोस टाइप नेमका असण्याचं मोल इथे कळतं. इंटरफेस कितीही चांगला असो, त्यात भरलेला टाइप ढिसाळ असेल तर निकालही ढिसाळच येणार.

कम्पेअरटू या मेथडमध्ये आधी कॅम्प, मग सेक्शन, मग बराक, मग रूम अशी तुलना करावी. जावा ८ पासून हे एका ओळीत साखळीसारखं लिहिता येतं: कम्पेअरेटर.कम्पेअरिंगइंट(बराकपत्ता::कॅम्प) आणि पुढे तीनदा देनकम्पेअरिंगइंट. आकड्यांची वजाबाकी करून उत्तर देण्याची जुनी सवय सोडावी. मोठ्या धन आणि ऋण आकड्यांत ती ओव्हरफ्लो होऊन उलटं उत्तर देते.

साखळीतला शेवटचा दुवा, रूम, गाळला तर? यादी सॉर्ट करताना फारसं बिघडणार नाही. पण हेच पत्ते ट्रीसेटमध्ये ठेवले तर एका बराकीतल्या सगळ्या रूमपैकी एकच उरेल, बाकीचे गायब. ट्रीसेट दोन वस्तू सारख्या आहेत का हे इक्वल्सला विचारत नाही, कम्पेअरटूला विचारतो. उत्तर शून्य आलं की त्याच्या लेखी वस्तू एकच. जावाच्या बिगडेसिमलमध्ये हे जाणूनबुजून आहे: २.० आणि २.०० इक्वल्सने वेगळे, कम्पेअरटूने सारखे. हॅशसेटमध्ये दोन राहतात, ट्रीसेटमध्ये एक. तिथे तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे आणि दस्तऐवजात लिहून ठेवलाय. आपल्याकडे मात्र ती हरवलेली पार्सलं असतील.

कंपायलर ही चूक पकडू शकत नाही. जागेत कोणता टाइप आला हे तो बघतो, पण मेथडने दिलेला शब्द पाळला का हे बघणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून कम्पेअरटू लिहिलीत की तिची टेस्ट लिहा: एकाच बराकीतल्या दोन रूम, दोन सेक्शनमधल्या एकाच क्रमांकाच्या रूम, १०२१ आणि ९८.

लिहिण्याआधी ठरवायच्या गोष्टी

एकाच ठिकाणी लागणारा छोटा लेखक लॅम्डानेही लिहिता येतो. डावीकडे पत्तालेखक<सोसायटीपत्ता> असं व्हेरिएबल, उजवीकडे बाणाची एक ओळ. ठोस टाइप तिथे व्हेरिएबलच्या जाहिरातीतून मिळतो. ज्या इंटरफेसमध्ये टाइप पॅरामीटर मेथडवर आहे, तो मात्र लॅम्डाने राबवता येत नाही. कारण पुन्हा तेच: जागा भरणारा हाक मारणारा असल्यामुळे लॅम्डा लिहिताना टाइप ठाऊकच नसतो.

तेव्हा नवा इंटरफेस लिहायला घ्याल, तेव्हा आधी ठरवा की टाइप कोण निवडणार. राबवणारा निवडणार असेल तर पॅरामीटर इंटरफेसवर. हाक मारणारा निवडणार असेल तर मेथडवर. कुणालाच निवडायचं नसेल तर जेनेरिक नकोच, साधा इंटरफेस पुरे. आणि राबवण्याची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा इम्प्लिमेंट्सनंतरच्या कंसात सर्वांत नेमका ठोस टाइप लिहा, कंस कधीही गाळू नका. एवढ्या शिस्तीने चुका गिऱ्हाइकापर्यंत न पोचता कंपाइलच्या पडद्यावर थांबतात. गिऱ्हाईक म्हणजे कॅम्प चारमधल्या एका रूममध्ये पार्सलची वाट बघणारा माणूस. तो तुमचा कोड कधी वाचणार नाही, पण त्याचं पार्सल वेळेवर पोचणं तुम्ही त्या कंसात काय लिहिलंत यावरही अवलंबून आहे.